घरचं कोणी

आमच्या पतसंस्थेच्या देणगी समितीवर मला घेतलं ते सभासदांतली एखादी बाई हवी म्हणून. नर्सबाई आधीच होत्या, पण त्या सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या, शिकलेल्या. समितीला ‘साधी बाई’ पाहिजे होती. मी पडदे शिवते, कपडे लहान-मोठे करून देते, म्हणजे साधी. पहिल्याच बैठकीत अध्यक्षांनी, म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या आमच्या सरांनी, मला समजावून सांगितलं की इथे फार बोलावं लागत नाही. मी म्हटलं, ते आपलं आपण बघू.

समिती ज्या निधीतून देणग्या देते तो एका बेकरीवाल्याचा. त्याला मूलबाळ नव्हतं. जाताना दुकान, घर, सगळं पतसंस्थेच्या नावावर करून गेला. मुद्दलाला हात लावायचा नाही, येणाऱ्या व्याजातून गावाच्या कामांना देणग्या द्यायच्या, असं लिहून गेला. माणूस भला, पण अटी घालण्यात पक्का. पहिली अट, देणगी वस्तूसाठी द्यायची, पगारासाठी नाही. दुसरी अशी की ज्या कामाला द्यायचं तिथे समितीतल्या एकाने अख्खा दिवस काढायचा. पाहुण्यासारखं नाही, तिथे येणाऱ्यांसारखं. वाचनालय असेल तर वाचत बसायचं, पोहण्याचा तलाव असेल तर पाण्यात उतरायचं. आमचे औषधवाले त्यापायी एकदा गार पाण्यात उतरले आणि आठवडाभर शिंकत होते. आणि तिसरी अट, मत देण्याआधी प्रत्येकाला विचारायचं: या कामाशी तुमच्या घरचं कोणी जोडलेलं आहे का? असेल तर त्याने बाहेर जाऊन बसायचं.

बाकी दोन अटी लोक वाकवायचे. पगाराच्या अटीतून वाट काढायला सर्वानुमते ठराव लागायचा, नाहीतर बहुमत आणि सरांची सही. ही तिसरी अट मात्र आजवर कधी कुणाच्या आड आली नव्हती. सर विचारायचे, आम्ही ओळीने ‘नाही’ म्हणायचो आणि चहा यायचा.

आता आमच्या घरचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

आमचे हे लिफ्ट दुरुस्त करायचे. गावातली एकही लिफ्ट अशी नसेल की जिच्या पोटात यांनी हात घातला नाही. निवृत्त झाले तेव्हा ठणठणीत होते. मग हळूहळू सुरू झालं. आधी चष्मा, किल्ल्या, असलंच काहीबाही. मग एके दिवशी मी बाजारातून आले तर आमच्या इमारतीच्या खाली, जिन्याच्या शेजारच्या भिंतीकडे तोंड करून उभे. मी विचारलं, काय करताय? म्हणाले, वरून येतेय, थांब जरा. आमची इमारत दोन मजली. लिफ्ट कधी नव्हतीच.

मी तेव्हा हसले. हसण्यावारी नेलं. तेवढ्यात शेजारीण आली तर तिला म्हटलं, हवा खातायत. आणि मग ते माझं चालूच झालं. लेकीचा फोन आला की मी म्हणायची, बाबा मजेत आहेत, आत्ताच बाहेर पडले. ते समोर बसलेले असायचे. दुकानदार म्हणाला, साहेबांनी काल पण हेच सामान नेलं, तर मी म्हणायची, पाहुणे आलेत. दोन वर्षं मी अशी खोटं बोलत होते आणि त्यात फार हुशार झाले होते. का, म्हणून विचाराल तर ज्या माणसाने गावाला वर-खाली केलं, त्याच्याकडे लोकांनी कीव करून बघितलेलं मला सहन झालं नसतं. आणि त्यांना स्वतःला ते कळलं असतं तर ते खचले असते. म्हणून मी त्यांच्यासमोरही काही कळत नसल्यासारखी वागायची.

तर त्या वर्षी समितीपुढे एक अर्ज आला. स्टेशनच्या मागच्या रस्त्यावर एक बंद पडलेला फोटो स्टुडिओ आहे. तिथे एक ताई विसरभोळ्या म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळतात. सकाळी सोडायचं, संध्याकाळी न्यायचं. सगळे त्याला नुसतं ‘खोली’ म्हणतात. ताईंच्या हाताखाली दोन मदतनीस बाया होत्या. त्यांचा पगार एक डॉक्टर स्वतःच्या खिशातून द्यायचे. डॉक्टर वारले. ताईंनी मागितलं होतं ते एवढंच: दोन बायांचा वर्षाचा पगार. नाही मिळाला तर खोली बंद.

दिवस काढायची पाळी माझ्यावर आली.

माझी पंचाईत झाली. मी दिवसभर तिकडे, मग यांना कुठे ठेवू? शेजारणीकडे ठेवावं तर दोन वर्षांचं बिंग फुटणार. शेवटी मी यांना इस्त्रीचा शर्ट घातला, भांग पाडून दिला आणि म्हटलं, चला, पतसंस्थेचं काम आहे, एक जागा बघून यायचीय. हे खूश झाले. कामाचं नाव काढलं की त्यांची पाठ अजून सरळ व्हायची.

ताईंना निरोप गेला होता की समितीचं माणूस येणार. दारात आम्ही दोघं उभे. हे उंच, पांढरे केस, कडक शर्ट. मी बाजूला हातात पिशवी घेऊन. ताई थेट यांच्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, “या साहेब, तुमचीच वाट बघत होतो.” मी तोंड उघडणार, तेवढ्यात यांनी ऐटीत मान हलवली आणि आत गेले. मी म्हटलं, असू दे. मागाहून सांगू.

मोठी खोली. भिंतीवर स्टुडिओचा जुना पडदा तसाच राहिलेला, त्यावर रंगवलेलं तळं आणि काठाला बांधलेली होडी. त्यासमोर म्हातारी माणसं बसलेली. कुणी मटार सोलतंय, कुणी मोज्यांच्या जोड्या लावतंय. एक आजी दर थोड्या वेळाने विचारायची, होडी कधी सुटणार? आणि मदतनीस बाई हात न थांबवता म्हणायची, अजून सगळे आले नाहीत आजी. आजीला ते पटायचं.

यांनी सगळीकडे फिरून पाहिलं. खिडक्या ढकलून बघितल्या. मग ताईंना विचारलं, “एका वेळी किती माणसं?”

“बारा.”

“तेरावा आला तर?”

“सरकून बसतो, साहेब.”

यांनी विचार केला. “लिफ्टमध्ये तसं चालत नाही,” म्हणाले. “पण इथे चालेल.”

मग ते बसले ते उठेचनात. मोजे जोडले. एका माजी पोस्टमनशी तासभर गप्पा मारल्या. दोघेही एकमेकांना तेच तेच सांगत होते आणि दोघांनाही ते नवीन वाटत होतं. दुपारी सूप प्यायले. मी यांना इतकं मोकळं हसताना कितीतरी महिन्यांनी पाहत होते. घरी ते हसायचे, पण माझ्याकडे बघून, मी हसले का ते पाहून. इथे कुणाकडे बघावं लागत नव्हतं. मला एका कोपऱ्यात जाऊन डोळे पुसावे लागले, आणि मी काही ऊठसूट रडणारी बाई नाही.

संध्याकाळी निघताना हे उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “ही खोली चालू ठेवायला माझी हरकत नाही.” मदतनीस बायांनी टाळ्या वाजवल्या. मी चप्पल घालत होते. ताई माझ्याजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “उद्यापण पाठवा साहेबांना. तपासणी काही एका दिवसात होत नाही.”

त्यांना कधी कळलं कोण जाणे. मला वाटतं, दारातच.

तेव्हापासून बैठक होईपर्यंत हे रोज तपासणीला जात होते. सकाळी शर्ट घालून तयार. मी इमारतीखालचं माझं शिवणाचं दुकान उघडून निवांत शिवत बसायची. शिवताना कान जिन्याकडे लावावे लागत नव्हते. तुम्हाला सांगते, माणूस किती दमलेलं असतं ते विसावा मिळाल्यावरच कळतं.

बैठकीच्या आदल्या दिवशी नर्सबाई दुकानात आल्या. कापड दाखवायचं निमित्त. म्हणाल्या, “अगं, हिशोब ऐक. मी आणि छापखानेवाले बाजूने. सर आणि औषधवाले विरोधात. तुझं मत पडलं की झालं. सर हट्टी आहेत, पण बहुमत असेल तर सही करतील, त्यांनी तसा शब्द दिलाय. बरोबरीत सुटलं तर मात्र सरांचं जादा मत, म्हणजे संपलंच.” मग कापडाची घडी घालत म्हणाल्या, “आणि तू काही वेड्यासारखं करू नकोस.” म्हणजे त्यांनाही यांचं माहीत होतं. नर्सच ती.

बैठक पतसंस्थेच्या वरच्या मजल्यावर. खाली काउंटर, नोटा मोजायच्या यंत्राची फडफड. वर लांब टेबल, बेकरीवाल्याचा फोटो. मी दिवस काढला त्याचा अहवाल तोंडी दिला. चांगला दिला. होडीची आजी सांगितली, तेरावा माणूस सांगितला. कोण म्हणाला ते मात्र सांगितलं नाही.

सर म्हणाले, “बाई, काम चांगलं आहे, यात वाद नाही. पण वस्तू राहते. पगार महिनाअखेर संपतो.”

औषधवाले म्हणाले, “आणि वहिनी, पुढल्या वर्षी नाही दिला की त्या दोघी बाया आपल्याच नावाने बोटं मोडणार.”

“मोडू देत,” मी म्हटलं. “वर्षभर म्हाताऱ्यांना कुणीतरी हाताला धरून चालवलं असेल की नाही?”

मग सरांनी चष्मा लावला आणि नेहमीचा प्रश्न नेहमीच्या आवाजात विचारला. “या कामाशी कोणाच्या घरचं कोणी?”

औषधवाले म्हणाले, नाही. छापखानेवाले म्हणाले, नाही. नर्सबाईंनी नाही म्हटलं आणि टेबलाखाली माझ्या पायावर पाय दिला.

मला एकच शब्द म्हणायचा होता. दोन वर्षं मी याहून मोठमोठं खोटं बोलले होते, तेही चेहऱ्यावरची रेघ न हलवता. आणि या एका शब्दावर बारा म्हाताऱ्यांचं आणि त्यांच्या घरच्यांचं सगळं अवलंबून होतं. माझंही. मला सगळं कळत होतं. पण त्या टेबलाशी बसून ‘माझं कोणी नाही’ म्हणायचं, आणि तिकडे ते माझ्या हाताने बटणं लावलेला शर्ट घालून मोजे जोडत बसलेले. शेजारणीला सांगितलेलं खोटं त्यांना झाकायला होतं. हे तर त्यांना पुसून टाकणं झालं असतं.

“आहे,” मी म्हटलं. “आमचे हे.”

“ते काय करतात तिथे?” सरांना वाटलं, लिफ्टवाले काही दुरुस्तीला जातात.

“विसरतात,” मी म्हटलं. “दोन वर्षं झाली. मी कुणाला बोलले नाही. रोज जातात तिथे. मघाशी ‘तेरावा आला तर’ असं विचारणारं माणूस मी सांगितलं ना, ते हेच.”

छापखानेवाल्यांनी मान खाली घातली. नर्सबाईंनी पाय काढून घेतला. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “बाई, तुम्हाला बाहेर बसावं लागेल.”

“माहीत आहे.”

बाहेर बोळात एक बाकडं आहे. त्यावर मी बसले. आतून आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. मला स्वतःचा इतका राग आला की काय सांगू. खरं बोलल्यावर हलकं वाटतं म्हणतात ना, मला काही हलकं-बिलकं वाटलं नाही. पोस्टमनची सून डोळ्यांपुढे येत होती. ती सकाळी सासऱ्यांना सोडून धावत बस पकडायची. तिला मी काय तोंड दाखवू?

दार उघडून सर स्वतः बाहेर आले. उभेच राहिले.

“पगार नामंजूर,” म्हणाले. “पण कामाबद्दल समितीला आदर आहे. म्हणून बारा खुर्च्या मंजूर केल्यात. हात असलेल्या, उंच पाठीच्या.”

“सर, तिथे खुर्च्या आहेत.”

“या चांगल्या असतील.”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांचे डोळे लाल झाले होते. म्हणाले, “तुमचं ऐकून माझा हात वर जात होता, बाई. म्हणूनच खाली ठेवला. उद्या कुणी म्हणेल, आपल्या माणसांसाठी समिती रडली आणि दिलं.”

“म्हणू दे की,” मी म्हटलं. “तुम्ही चाळीस वर्षं मुलांना न्याय शिकवलात सर. दया कुणी शिकवायची?” हे बोलायला नको होतं. पण बोलले. आणि समितीतून माझं नाव काढा, तेही तिथेच सांगून टाकलं.

तशीच उठून खोलीवर गेले. ताईंना सांगितलं. त्या खुर्च्यांचं ऐकून हसायलाच लागल्या. पोट धरून हसल्या, मग खाली बसल्या, आणि मग ते हसणं राहिलं नाही. रंगवलेल्या तळ्याखाली आम्ही दोघी जमिनीवर बसलो होतो.

“एक शब्द गिळला असतात तर काय बिघडलं असतं?” त्यांनी विचारलं. चिडून नाही. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना.

“गिळवला नाही,” मी म्हटलं.

पुढे काय झालं ते थोडक्यात. एक मदतनीस बाई धुलाईच्या कारखान्यात लागली. दुसरी निम्म्या पगारावर राहिली. खोली आता एक दिवसाआड उघडते आणि त्या दिवशी माझं दुकान बंद असतं; मी तिकडे असते. एक दिवसाआड पोस्टमनच्या सुनेला पुरेना. तिने नोकरी सोडली. ती माझ्याशी बोलत नाही आणि मी तिला दोष देत नाही. खुर्च्या आल्या, पाठीवर बेकरीवाल्याच्या नावाची पितळी पट्टी ठोकलेली. खुर्च्या चांगल्या आहेत, खोटं कशाला बोलू. वार्षिक सभेत मी साधी सभासद म्हणून उभी राहणार आहे, पगाराची अट बदला म्हणून. किती हात वर होतील, मला माहीत नाही.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं.

मी ताईंकडून यांना घेऊन घरी आले. आता ही गोष्ट गावभर होणार होती. सकाळपर्यंत दुकानदार, शेजारीण, सगळे यांच्याकडे त्या नजरेने बघणार. बाहेरच्या कुणी बोलण्याआधी मलाच सांगायला हवं होतं. यांनी बूट काढले, नीट जोडीने ठेवले. मी समोर बसले.

“अहो,” मी म्हटलं, “मी आज समितीत तुमच्याबद्दल सांगितलं.”

“काय सांगितलंस?”

“की तुम्हाला आठवत नाही. की तुम्ही त्या खोलीत तपासायला जात नाही.”

ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांची नजर कधीकधी रिकामी असते, तशी नव्हती. अगदी माझ्या ओळखीची होती. मला वाटलं, आता हे मोडून पडणार, आणि तेही माझ्या हातून.

“म्हणजे,” ते सावकाश म्हणाले, “तुला माहीत होतं?”

“दोन वर्षं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

त्यांनी माझा हात हातात घेतला. सुईने टोचटोचून खरबरीत झालेल्या बोटांवरून अंगठा फिरवत राहिले. “मला वाटायचं, हिला कळलेलं नाही,” म्हणाले. “मी चुकलो की तू हसायचीस. मग मीही हसायचो. म्हटलं, कळलं तर ही एकटी काय करेल.”

मी दुसरा हात त्यांच्या हातावर ठेवला.

“फार दमलो गं,” ते म्हणाले, “तुझ्यापासून लपवून.”

“मी पण,” मी म्हटलं.